लाकडी बंदराची धास्ती

२ सप्टेंबर, मंगळवार
पासपोर्ट आला! सही करून पाकीट घेतलं. लेकीला, हर्षाला फोन केला नाही. पासपोर्ट कपाटात साड्यांखाली सारला. नोव्हेंबरात तिचं बाळंतपण — तिकडे नॉर्वेत, बर्गनला. आणि ते मी करायचं म्हणे.

४ सप्टेंबर, गुरुवार
हर्षा विचारत होती, "आई, आला का पासपोर्ट?" म्हटलं, "नाही वं. पोलिसांची चौकशी बाकी हाये."
एकसष्टाव्या वर्षी पोटच्या पोरीशी खोटं बोलले. लाज वाटते.

७ सप्टेंबर, रविवार
हर्षाने व्हिडिओ कॉलवर बंदर दाखवलं. पाण्याकाठी लाल-पिवळी लाकडी घरं, एकमेकांना खेटून, काही तर चक्क कललेली. जर्मन व्यापारी तिथे शेकडो वर्षं सुक्या मासळीचा धंदा करत. आगीच्या भीतीने कडाक्याच्या थंडीतही त्या घरांत विस्तव पेटवायची बंदी. तरी गाव कितीदा जळलं, आणि दर वेळी पुन्हा लाकडाचंच बांधलं!
"काहून पण?"
"तीच त्यांची ओळख आहे ना आई. इथले लोक म्हणतात, आम्ही आधी बर्गनचे, मग नॉर्वेचे."
ती हसत होती. तिला आणि जावयाला, विहंगला, तिथला रोजचा पाऊस, ते सात डोंगर, सगळंच आवडतं. मी विचारलं, "अन् तुमचं घर?"
"तेही लाकडाचंच."
माझं माहेर लकडगंजचं, लाकडाच्या वखारींच्या वस्तीतलं. आठ वर्षांची होते, घरामागची लाकूड कापायची आरा मशीन पेटली. बाबांचे भाजलेले हात शेवटपर्यंत तसेच राहिले. आता बाळंतिणीला शेगडीचा शेक मीच द्यायचा — लाकडाच्या घरात निखारे!

१२ सप्टेंबर, शुक्रवार
हर्षाने आजही विचारलं. आजही "नाही आला" म्हटलं.

१५ सप्टेंबर, सोमवार
शेजारच्या यमुताई आल्या होत्या. "गोपिका, पयलं बाळंतपण हाये. आई पाहिजेच जवळ. कशी राहत असन पोरगी एकटी!" मी कप उचलून आत नेले.
त्या गेल्यावर खरं सांगायला फोन उचलला. काय सांगू? तुझ्या घराला भिते म्हणून? ठेवून दिला.

१८ सप्टेंबर, गुरुवार
हर्षाचा मेसेज. जसाच्या तसा उतरवते.
"आई, तुझा फॉर्म मी भरला होता. पासपोर्ट पोचल्याचं त्याच दिवशी माझ्या मोबाईलवर आलं. तू सांगशीन म्हणून वाट पाहून राहिली. रागावली नाही. पण मलेही बाळंतपणाची लय भीती वाटते. विहंगले सांगितलं तर तो हसते. कोणाले सांगू?"