पुठ्ठ्याची जुनी गल्ली

ओमोहामा,
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय शिगेरू,

अनेक आशीर्वाद. साप्पोरोला एव्हाना गारठा सुरू झाला असेल, छातीला जप. मी बरी आहे. टेकडीवरच्या नव्या घरात ऊन भरपूर येतं.

लिहायला निमित्त झालं. इंडोनेशियातल्या आचेहून कॉलेजची बारा मुलं-मुली दहा दिवसांसाठी गावात आली होती. त्सुनामीच्या लाटेनंतर गाव पुन्हा कसं उभं राहतं, ते शिकायला. त्यांच्याकडे आपल्याआधी सहा वर्षं अशीच लाट आली होती. दोघी माझ्याकडे उतरल्या. त्यातली नूरलैला जपानी छान बोलते. त्यांना दारू चालत नाही म्हणून मी माशाच्या रश्शात नेहमीची साके थेंबभरही घातली नाही, तरी तीन वाट्या प्यायली पोरगी.

त्यांच्या सरांनी काम काढलं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून आपल्या जुन्या गल्लीची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायची. पाच दिवस हॉलमध्ये नुसता कल्ला. कुमागाई आजोबा म्हणाले, टपालपेटी डावीकडे होती. मी म्हटलं, उजवीकडे.

"तुला काय माहीत? तू कधी पत्रं लिहिलीस?"

"तुमची प्रेमपत्रं टाकायला मलाच पिटाळायचात की."

कुमागाई आजी शेजारीच बसल्या होत्या. लाजल्या, या वयात.

एकेक घर उभं राहत गेलं. तोफूवाल्याचं दुकान, सार्वजनिक स्नानगृहाची चिमणी, बाबांच्या माकुलं वाळवायच्या दोऱ्या. तू त्यांच्याखालून सायकल दामटायचास आणि केसांना वास घेऊन शाळेत जायचास. बाई तुला खिडकीशी बसवायच्या. मी हसत हसत सांगत होते आणि डोळे पुसत होते.

आपलं घर नूरलैलाने रंगवलं. वरची खिडकी रंगवताना तिने विचारलं, "इथे कोण राहायचं?"

"आई."

"त्यांना धोक्याचा भोंगा ऐकू आला नव्हता का?"

शिगेरू, आता लिहितेच.

ऐकू आला होता. भूकंपाचा धक्का थांबल्याबरोबर मी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून घरी फोन केला आणि तो लागला. आई म्हणाली, "हारुए म्हणतेय, देवळाच्या पायऱ्या चढूया. जाऊ का गं?" मी म्हटलं, "त्या गुडघ्यांनी थंडीत कुठे निघालीस? वर जाऊन बस. शिगेरू गाडी घेऊन येईल." ती "बरं" म्हणाली. शेजारच्या हारुएकाकू पायऱ्या चढल्या आणि वाचल्या.

तू निघाला होतास. पुलावर अग्निशमन दलाच्या माणसांनी तुला धरून ठेवलं. आईच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला मामा सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "एवढा एक पूल ओलांडता आला नाही तुला?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी चहा ओतत राहिले. महिन्याभरात तू गाव सोडलंस, आणि तेव्हाही मी गप्पच होते.

हे सगळं मी त्या परक्या पोरीला सांगितलं. तिने ब्रश खाली ठेवला. म्हणाली, "तुमच्या भावाला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला का सांगताय, आजी?"

रागाने नव्हे. खरंच विचारत होती.

मुलं शुक्रवारी गेली. काल मामांना घेऊन आईच्या कबरीवर गेले आणि तिच्यासमोर त्यांना सगळं सांगितलं. ते कितीतरी वेळ दगडावर पाणी घालत राहिले. मग म्हणाले, "पोराला मी काय काय बोललो." परतताना मी आधाराला हात पुढे केला, तर त्यांनी धरला नाही.

तू ये, असं म्हणत नाही. रागव, पत्र फाड, पुन्हा तोंड पाहू नकोस. तेवढा तुझा हक्क आहे. पण तुझ्याकडून काहीच करायचं राहिलं नव्हतं. आईला मी थांबवलं.

तेरा वर्षं उशिरा लिहिणारी तुझी ताई,
तोमिए