आंब्याच्या खोडातला आवाज

मंगळवार, ५ जानेवारी १९३२
आंब्याच्या बुंध्याशी आज पुन्हा भुसा! ओंजळभर. वर सालीत भोक — करंगळी जाईल एवढं. त्यातून काळा डिंक गळतोय. ह्यांनी लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड. अख्ख्या थळ गावात असा आंबा नाही — निदान हे तसं म्हणायचे.
धाकटे दीर, चंदरभावजी, भोकात काडी घालून म्हणाले, "वैनी, आतून पोकल झालाय. शिमग्याला होलीत घालू. यंदा लोकांची लाकडं चोरायला नको!"
म्हटलं, शिमग्यापर्यंत थांबा. हसले. पण कुऱ्हाडीला धार लावून ठेवलीच आहे.

गुरुवार, ७ जानेवारी
अलिबागहून मागवलेलं शेतकी खात्याचं पत्रक दोनदा वाचलं. पुड्यांच्या कागदांवर अक्षरं शिकले, ती आज कामी आली. भिरुडाची अळी आत लाकूड खाते म्हणे. झाडाला कान लावा असं कुठे लिहिलेलं नाही. मी लावला.
दोनदा कट्. थांबून एकदा.
दुपारी जेवल्यावर हे ओटीवर सुपारी कातरायचे, ते अगदी असंच. दोनदा स्वतःसाठी, मग थांबून माझ्यासाठी एकदा. तेवढ्याची वाट बघत मी भांडी घासायचे. ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील. अडकित्ता पेटीत आहे, कुलपात. चावी माझ्या गळ्यात.

शुक्रवार, ८ जानेवारी
जेवणं झाल्यावरच वाजतं. सकाळी नाही, तिन्हीसांजेला नाही.

सोमवार, ११ जानेवारी
नीराबाई कोळीण बोंबील घेऊन आली. मी बुंध्याशीच.
"काय गो, झाराला कान लावून? बोलतंय काय तुझ्याशी?"
म्हटलं, कीड आहे.
"मग मार की! ऐकत काय बसलीस?"
मारायचीच आहे. रोज उद्यावर ढकलते.

बुधवार, २० जानेवारी
आणखी एक फांदी वाळली. चंदरभावजींनी बुंध्याला दोरी गुंडाळून माप घेतलं!
जेवण झाल्यावर तार वाकवून भोकात घातली. काहीतरी मऊ लागलं. घासलेटात भिजवलेला कापसाचा बोळा कोंबला, वर चिकणमाती लिंपली. कान लावला. दोनदा वाजलं.
तिसऱ्याची वाट पाहिली. आलं नाही.

रविवार, ७ फेब्रुवारी
मोहोर! भुसा बंद. भावजी बराच वेळ वर बघत राहिले. "जिंकलीस वैनी. आंब्यांची पहिली पाटी माझ्या घरी!" कुऱ्हाड घेऊन गेले.
दुपार फार लांब झाली आहे.

मंगळवार, ९ फेब्रुवारी
ह्यांची तिथी. पानाशेजारी अडकित्ता ठेवावा म्हणून पेटी उघडली. कुलूप होतं तसंच होतं. अडकित्ता मी गुंडाळलेल्या फडक्यातच. फडकं ओलं.
घासलेटाचा वास येतो आहे.

बुधवार, १० फेब्रुवारी
माती उकरून काढली. बोळाही. आंबा गेला तर जाऊ दे.