उजवा चार, डावा सहा

४ फेब्रुवारी

चि. चिमणीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर तू मला मधेच तोडतेस, म्हणून हे पत्र. आता निमूट शेवटपर्यंत वाच.

इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीचा खोकला गेला, आवाज होता तेवढाच आहे. दुकानाचं म्हणशील तर लोक येतात, पण बूट घ्यायला नाही, माप घ्यायला. काल एक गृहस्थ आले. स्टुलावर बसून पाच जोड घालून पाहिले, आरशापुढे फेऱ्या मारल्या, टाचेला कुठला लागेल तेही मलाच विचारलं. मी गुडघे टेकून त्यांची लेस बांधत होतो आणि ते माझ्या डोक्यावर फोन धरून तोच बूट इंटरनेटवरून मागवत होते. वर आभार मानून गेले! मला रागवायचंही सुचलं नाही.

उन्हाळा संपला की दुकान आवरावं असं मनात आहे. बाबांनी थाटलेलं, म्हणून हात धजावत नाही इतकंच.

आता खरं बोलतो. वहिनी तुझ्याकडे राहून आली, तेव्हा तिला तुझ्या दाराशी बुटांचं पार्सल दिसलं. जगाने मागवावं गं, पण तू? लहानपणच्या त्या दुखण्यापासून तुझा डावा पाय चार नंबर आणि उजवा सहा, हे कुठल्या कंपनीला ठाऊक आहे? माझं काय चुकलं तेवढं कळव.

कान धर हवा तर, पण गप्प बसू नकोस.

तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास, चिमणीचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. पत्र वाचलं आणि चहा निवून गेला. वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही, हे मी विसरलेच होते.

चुकलं तुझंच. मागच्या खेपेला तू जेवायला घरी गेला होतास. मी दुकानाच्या माळ्यावर जुनी छत्री शोधायला चढले. तिथे एकतीस खोकी होती. प्रत्येकावर तुझ्या अक्षरात ‘चि.’ आणि वर्ष. उघडून पाहते तो प्रत्येकात उजवा चार नंबरचा आणि डावा सहाचा, कोरे करकरीत. दादा, तू मला सांगत आलास की कारखान्यात ओळख आहे, ते माझ्यापुरता वेगळा जोड करून देतात. आणि मी वेडी तीस वर्षं त्या कारखान्याला दुवा देत होते! दरवेळी तू दोन जोड फोडत होतास आणि उरलेले वर नेऊन ठेवत होतास.

म्हणून ठरवलं, आता आपले आपण मागवायचे. दोन जोड मागवले, दोन्ही फोडले. डावा चावतो, उजवा चालताना कुरकुरतो. झाली हौस.

मला न विचारता दुकान आवरलंस तर बघ. राग धर, पण माझ्यासाठी जरा कमी धर.

तुझीच,
चिमणी

२ मार्च

प्रिय आत्या,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून बाबांनी काउंटरवरच्या लेस दोनदा रंगवार लावल्या आणि आईशी एकदाही भांडले नाहीत. आम्ही घाबरलोच.

मग मी एक आगाऊपणा केला. माळ्यावरची खोकी खाली काढली, फोटो काढले आणि इंटरनेटवर टाकले. खाली एवढंच लिहिलं, की उजवा चार, डावा सहा, कोणी न घातलेले, एका भावाने बहिणीसाठी जोड फोडले त्यांतले उरलेले.

आठ दिवसांत साठ पत्रं आली! बाबा आधी भडकले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस म्हणाले. मग चष्मा लावून एक पत्र वाचलं, मग दुसरं, आणि दुपारचं जेवण राहूनच गेलं. एका सुताराला एकच पाय आहे. आजवर दरवेळी नको असलेला बूटही घ्यावा लागला म्हणून तो लिहितो. एका आईला मुलीसाठी तीन आणि पाच हवेत. आणि आत्या, दूरच्या एका शहरात बेकरीत दिवसभर उभी राहून पाव भाजणारी एक बाई आहे. तिचे पाय तंतोतंत तुझे, फक्त उलटे. तिने अकरा जोड घेतले आणि विचारलंय, की ती बहीण कशी आहे?

बाबा म्हणाले, आपल्या गावात अशी गिऱ्हाइकं दोन, म्हणून वाटायचं जगातही दोनच. आता ते स्वतः फोडलेल्या जोडांची यादी करतात. मी फक्त टाइप करायचं!

तुझी लाडकी (आई म्हणते, लाडावलेली),
ठकी

२० मार्च

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

वि. वि. कारखान्याचं खोटं बोललो, कबूल. तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस आणि दोन जोडांचं कळलं असतं तर तू अनवाणी फिरली असतीस. पुढे खरं सांगायचा धीर झाला नाही.

दुकान राहतंय. पुढचा अर्धा भाग घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला दिला, मागच्या अर्ध्यात आमची ही एकेरी बुटांची पाठवणी. भरभराट वगैरे म्हणू नकोस, पण सकाळी कुलूप काढताना हात जड होत नाही.

अडचण वेगळीच आहे. लोक नंबर विचारतात ते मी सांगतो. पण पुढे विचारतात, की लोकांच्या लक्षात येतं का? मुलगी शाळेत जायला लाजते, तिला काय सांगू? ठकी उत्तर लिहिते ते सरकारी नोटिशीसारखं. माझं तर पेनच उचलत नाही. तू इतकी वर्षं दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर घाबरलेल्या माणसांशी बोललीस. आता मुदतीआधीच निवृत्त झालीस, तर येतेस का? मागची खोली वहिनीने झाडून ठेवली आहे.

ठकीला बूट घातलेल्या पायांचा फोटो हवाय. तुला विचारायचं नाही असं तिला बजावलं आहे.

वाट पाहतो. आलीस तर रागवेन, न आलीस तर जास्त रागवेन.

दादा

२६ मार्च

ती. दादास, शि. सा. नमस्कार.

वि. वि. सोमवारी दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नकोस, मी चालत येईन.

बेकरीवाल्या बाईला मी पत्र लिहिलं. तिचं उत्तरही आलं. यापुढे दोघींनी मिळून एकच रंग निवडायचा, दोन जोड फोडायचे आणि वाटून घ्यायचे, असं ठरलंय. तिला लाल हवाय. मी आयुष्यात लाल बूट घातला नाही, पण हो म्हणून बसले.

आणि शाळेत जायला लाजणाऱ्या त्या मुलीचं मनातून जात नाही. तुला कधी सांगितलं नाही, पण शाळेच्या प्रत्येक फोटोत मी मागच्या रांगेत उभी आहे. तुझ्या लग्नातही वहिनीच्या आत्याच्या मागे लपले होते. नोकरीसुद्धा खिडकीमागची धरली, कारण तिथे कंबरेखालचं कोणाला दिसत नाही. त्या मुलीला मी नुसतं धीर धर म्हणून लिहिलं, तर ते खोटं होईल.

तेव्हा ठकीला सांग, फोटो माझा काढायचा. दुकानाच्या दारात, चांगल्या उजेडात. आणि नुसते पाय नकोत म्हणावं, चेहराही येऊ दे.

माया आहेच. सोमवारी समोरासमोर मोजून घे.

तुझी,
चिमणी