अकरा जादा विद्यार्थी

तीर्थरूप वहिनीस,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो होतो, पण पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं म्हणून. तरी तो नमस्कार तू आपलाच समज.) दादाचा गुडघा आणि दादाचा राग कसे आहेत? एक उतरला की दुसरा चढतो, असं तू मागे लिहिलं होतंस. पोरांचा खोकला थांबला असेल. माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर आहे, आणि मी इथं अगदी रुळलोय. हे शेवटचं वाक्य दादाला ऐकू जाईल अशा आवाजात वाच.

तू विचारलंस की विद्यापीठात मी नेमकं करतो काय, कारण शेजारणीला तू 'मोठ्या कॉलेजात असतो' एवढंच सांगितलंस आणि ती आता माझ्यासाठी स्थळ आणायच्या बेतात आहे. तिला आवर. मी चार नंबरच्या हॉलवर असतो. हॉल उघडायचा, फळा पुसायचा, माइक लावायचा, आणि भिंतीवर चित्रं पाडायचं यंत्र अडलं की त्याला डाव्या अंगानं एक चापट द्यायची. इथले गलेलठ्ठ पदव्यावाले त्या यंत्रापुढे हात टेकतात, पण माझी चापट त्याला बरोबर कळते. (मला शाळेत कळायची तशीच.) मात्र माइक मधेच मेला तर माणूस जवळ हवा, म्हणून तास संपेपर्यंत मला मागच्या खांबाशेजारी स्टुलावर बसावं लागतं. म्हणजे बघ, सातवीत ज्याला वर्गात बसवत नव्हते, त्याला आता वर्गातून उठू देत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. इथं नव्या मास्तरांना सहा वर्षांच्या करारावर घेतात, आणि तीन वर्षं झाली की मधेच त्यांची तपासणी होते. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर पुन्हा मुलगी बघायला यावं, तसा प्रकार. चार मोठ्या मास्तरांची समिती बसते. फाइल बघते, एक तास वर्गात बसून शिकवणं बघते. पसंत पडलं तर पुढची तीन वर्षं पक्की, नाही पडलं तर आवराआवरीला काही महिने आणि रामराम. फाइलीत तीन कप्पे असतात. पहिला, काय शोधून काढलं आणि कुठं छापून आलं. दुसरा, कसं शिकवता. तिसरा, विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी काय केलं. फाइली इकडून तिकडे मीच नेतो, त्यामुळे मला सगळं पाठ आहे. (उघडून बघत नाही. जिन्यात वाऱ्यानं उघडतात.)

यंदा पाळी आमच्या हळूसरांची होती. नाव दुसरं आहे, पण बोलतात इतकं हळू की माइकलाही कान लावावा लागतो. इमारतीखालची माती कशी बसते, पाया का खचतो, हा त्यांचा विषय. वय बत्तीस, स्वभाव गाईचा. तीन वर्षं एकटे राहिल्यावर आत्ता कुठं त्यांनी म्हाताऱ्या आईला आपल्याकडे आणलंय, तिला इथला डॉक्टर मानवलाय, आणि अशात तपासणी. फाइलीचा पहिला कप्पा भरलेला. दुसरा बरा. तिसऱ्या कप्प्यात एकच ओळ: 'रक्तदान, एकदा.' त्याखाली कंसात 'चक्कर आली' असंही लिहिलं होतं. मी म्हटलं, सर, कंसातलं तरी खोडा. तर म्हणतात, "अरे, पण आली होती ना."

अशा माणसाचं कसं व्हायचं, तूच सांग.

समितीनं बघायला शुक्रवारचा दुपारी दोनचा तास निवडला. त्या तासाला तीस पोरांतली नऊ येतात, आणि त्या नवांतली चार झोपायला येतात, कारण माझ्या हॉलचा पंखा चांगला आहे. मी दोन रात्री तळमळलो. रिकाम्या बाकांपुढे आमचे सर आणखी हळू बोलणार, समिती काय ऐकणार, काय लिहिणार? शेवटी मनाशी ठरवलं की बाकं भरायची. सरांना विचारलं नाही, कारण ते नको म्हणाले असते. (तुला माहीत आहे, ज्याचं उत्तर ठाऊक आहे ते विचारायची मला सवय नाही.) दुसऱ्या मजल्याचा जिना दुरुस्त करणारा गवंडी आणि त्याची तीन माणसं, माळीबुवा, लिफ्टवाला, कँटीनचे दोघं, धोबी, पहारेकरी आणि पाण्याच्या टाक्या बघणारा, अशी अकरा डोकी जमवली. सगळ्यांना बजावलं, तोंड धुऊन या, मागे बसा, मान हलवा, तोंड उघडू नका. गवंडी म्हणाला, "मान किती वेळानं हलवायची?" म्हटलं, सर फळ्याकडून वळले की एकदा.

आणि शुक्रवारी काय झालं? त्या पोरांनाही सरांची काळजी होती हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोनच्या ठोक्याला तीसपैकी अठ्ठावीस हजर, केस विंचरून. त्यात माझे अकरा. त्यात समितीचे चार. हॉल असा गच्च भरला की लिफ्टवाल्याला माझं स्टूल द्यावं लागलं आणि मी खांबाला टेकून उभा. सर आत आले, गर्दी बघितली आणि दाराचा नंबर बघायला परत बाहेर गेले.

पहिली वीस मिनिटं सर बोलले असावेत. ओठ हलत होते. माझी माणसं इमानदारीनं माना हलवत होती, तीही सगळी एकदम, त्यामुळे समितीतले एक गृहस्थ दर वेळी दचकून मागे बघायचे. मग सरांनी भिंतीवर एक आकृती दाखवली आणि सांगितलं की भर म्हणून टाकलेली चिकणमाती अमुक इतक्या काळात बसते. तिथं घोटाळा झाला. मान आडवी हलली. गवंड्याची.

सरांनी बघितलं. तीन वर्षांत त्यांच्या वर्गात कुणाची मान आडवी हलली नव्हती. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही साहेब, मला बोलायला मनाई आहे."

"बोला ना."

"मग बोलतो. एवढ्यात बसत नाही ती. वरून बसल्यासारखी दिसते, आतनं ओली असते. आमच्याकडे एकानं घाई केली, फरशी दोन वर्षांत पोटात गेली."

सर व्यासपीठावरून खाली आले. माती बसली हे कसं ओळखता, विचारलं. गवंडी म्हणाला, मुठीत धरून. मुठीत धरून म्हणजे कसं? मग गवंड्यानं कोपऱ्यातल्या कुंडीतून मूठभर माती काढली, त्यावर माळीबुवा तिथूनच ओरडले की ती खताची माती आहे, तिच्यावरून कसला पाया सांगतोस, खाली वाफ्याकडची आण. एक पोरगा धावत जाऊन घेऊन आला. टाकीवाल्यानं ओलाव्याबद्दल आपलं मत दिलं. सर फळ्यावर आकडे मांडायला लागले, गवंडी त्यांना अडवायला लागला, पोरं उठून भोवती उभी राहिली, आणि वहिनी, हळूसरांचा आवाज चढला. माइक मी बंद केला, तरी बाहेरच्या जिन्यापर्यंत ऐकू येत होता. पुस्तक आणि गवंडी दोघंही बरोबर कसे, आणि पुस्तकातला आकडा कुठल्या मातीला लागू, हे त्यांनी असं उलगडून सांगितलं की शेवटी गवंडी म्हणाला, "हां, आता सांगितलंत." समितीच्या अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, कडक, त्यांनी स्वतः माती मुठीत धरून बघितली. हात त्यांनी माझ्या फळ्याच्या फडक्याला पुसला, त्याचं मी काही वाटून घेतलं नाही.

इथं संपलं असतं तर हे पत्र एक पानाचं झालं असतं. पण समितीची पद्धत अशी की तासाच्या शेवटी हजेरीचा कागद फिरवतात. माझ्या अकराही जणांना रोजच्या मस्टरची सवय. त्यांनी इमानेइतबारे सगळं भरलं. नावापुढे येण्याची वेळ, जाण्याची वेळ, कामाची जागा. गवंड्यानं लिहिलं, 'जिना, दुसरा मजला, काम अपुरं.' पहारेकऱ्यानं लिहिलं, 'सर्व ठीक.' धोब्यानं कामाच्या रकान्यात 'बसणे' असं लिहिलं. तिसांच्या यादीवर एकोणचाळीस सह्या.

सोमवारी सरांना बोलावणं आलं. त्यांनी साफ सांगितलं की लोक कुणी आणले ते ठाऊक नाही, पण जा म्हणायला हवं होतं आणि म्हणालो नाही, कारण मला तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणी खोटं पाडत होतं. (असं बोलतं का कुणी तपासणीत?) मग मला लेखी कागद आला. बाहेरची माणसं कुणाच्या सांगण्यावरून बसवली, तीन दिवसांत खुलासा करा. इथं खरी मेख आहे. सरांनी सांगितलं असं ठरलं, तर ती फसवणूक धरून त्यांची फाइल बंद. परत येताना सर जिन्यात भेटले, माझ्याकडे बघून नुसते हसले, आणि आईसाठी आणलेली औषधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

असो. मोठ्यांना नमस्कार, पोरांना पापा, दादाला जे योग्य वाटेल ते.

तुझा दीर

ता. क. १: हे सगळं इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण असं की माझा खुलासा तू लिहून पाठव. शाळेत माझ्या सगळ्या माफीच्या चिठ्ठ्या तूच लिहायचीस आणि एकीलाही कधी मास्तरांनी नाव ठेवलं नाही. 'विनम्र', 'अनवधानाने' हे शब्द येऊ देत. सर निर्दोष दिसायला हवेत. माझं काय व्हायचं ते होवो, पण फार नको.

ता. क. २: पाकीट चिकटवताना लक्षात आलं की पत्र तुला पोचायला पाच दिवस लागतात आणि मुदत तीन दिवसांची आहे. म्हणून पाकीट फोडलं आणि मीच लिहिलं. असं लिहिलं: 'माणसं मी आणली. सरांना ठाऊक नव्हतं. मी सातवी नापास आहे आणि दीड वर्ष खांबाशेजारी बसून त्यांचा विषय मला समजतो. ते कसं शिकवतात हे यावरून बघावं.' विनम्र लिहायचं राहिलं.

ता. क. ३: पत्र आणखी दोन दिवस ठेवलं, बरं झालं. सरांना पुढची तीन वर्षं मिळाली. रक्तदानाच्या खाली अध्यक्षबाईंनी स्वतः लिहिलंय, 'बाहेरच्या लोकांशी जिवंत संबंध, पुरावा म्हणून हजेरीपत्रक जोडले आहे', आणि दर शनिवारी कामगारांसाठी एक तास घ्यायची अट घातलीय. मला ताकीद मिळाली, आणि त्या तासाच्या खुर्च्या लावायचं काम.

ता. क. ४: हे दादासमोर वाचू नकोस. मागच्या महिन्यात मी त्याला गुपचूप लिहिलं होतं की इथं जीव रमत नाही, महिनाअखेर गाशा गुंडाळून येतो, वीटभट्टीवर माझ्यासाठी बोलून ठेव. तो बोललाही असेल. भट्टीवाल्याला नाही म्हणून कळवायला दादाला सांग, निमित्त तूच सुचव. सरांच्या पुस्तकाचे नऊ धडे बाकी आहेत, आणि पुढच्याच धड्यात कललेली इमारत पाडल्याशिवाय सरळ कशी करतात ते आहे. तेवढं कळल्याशिवाय मी इथून हलत नाही. मग बघू.