राणीचा गुळगुळीत गाल

ताई,

बाबांचं नाणं डबीत दिसलं नाही म्हणून घर डोक्यावर घेऊ नकोस. तुझ्या उशीखाली ठेवलंय. विकण्याआधी जुन्या नाण्यांच्या दुकानदाराला दाखवून आणलं. तो म्हणाला, तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून घ्या. ते नाणं कायमचं प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करतात, मग भाव चढतो. पण भिंगातून बघताना तोही चक्रावला. बाकी नाणं कोरं करकरीत, मग त्यावरच्या राणीचा गालच तेवढा झिजून गुळगुळीत कसा?

मलाही चैन पडेना. जिना चढताना सहज मुठीत धरलं, तर अंगठा बरोबर त्या गालावर टेकला.

आपल्याला उशीर झाला की बाबा दारात मूठ आवळून उभे असायचे, आठवतं? आपण समजायचो, चिडलेत.

तूही एकदा धरून बघ. मग सांग, सीलबंद करायचं का.

— धाकटा