तरंगतेय म्हणून

प्रिय धाकट्या,

“तरंगतेय म्हणून तिला हलकी समजू नका.” आठवतं? बाबांनी आपल्याला पहिल्यांदा धक्क्यावर नेलं, तेव्हा ते चालवायचे त्या लाँचच्या कडेला थाप मारून म्हणाले होते. तू लगेच दोन्ही हातांनी तिला ढकलून पाहिलंस. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग ती एवढी मोठी लाँच, झोपेतून उठल्यासारखी, सावकाश भिंतीपासून सरकली. डोंगर हलवल्यासारखा तू माझ्याकडे बघत होतास.

परवा तुझ्या भाचीच्या अभ्यासामुळे हे सगळं पुन्हा वर आलं. तिला वस्तुमान आणि वजन यांतला फरक लिहून न्यायचा होता. तूच कधीतरी मला सांगितलेलं मी तिला सांगितलं. वस्तुमान म्हणजे वस्तूत किती द्रव्य आहे ते; कुठेही न्या, तेवढंच राहतं. वजन म्हणजे जमीन तिला किती जोराने खाली ओढते ते, म्हणून चंद्रावर ते सहावा हिस्साच उरतं. ती पेन चावत म्हणाली, मग आजोबांना चंद्रावर नेलं तर ते उडूनच जातील. मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिले.

बाबा खरंच फार उतरलेत रे. झटक्यानंतर उजवं अंग गेलं, बोलणं जवळजवळ गेलं. त्यांचं सगळं करायला एक बाई येते. ती त्यांना एकटीच उचलून खुर्चीत ठेवते आणि म्हणते, आजोबा, तुमच्यापेक्षा माझी पिशवी जड. ते कळल्यासारखं हसतात. मला ओळखत नाहीत. आईचा फोटो दाखवला तर माझ्याकडेच बघत राहतात. पलंग खिडकीशी हलवलाय, तिथून पाणी दिसतं. एखादी लाँच गेली की मान वळते, तेवढीच हालचाल.

तुझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. सुट्टीत आला होतास, आणि जेवताना मला हाच धडा समजावत होतास. लाँचचं सगळं वजन पाणी पेलतं, म्हणालास, म्हणून ती आपल्याला हलकी वाटते. पण तिचं वस्तुमान कोण पेलणार? ते असतं तेवढंच असतं. एकदा ती चालू लागली की थांबवायला जोर लागतोच, मग ती गोगलगाईसारखी का येत असेना. हे सांगताना तू उजवा हात ताटाशेजारी ठेवलास, मुद्दाम, बाबांना दिसेल असा. अंगठा आणि एक बोट, तेवढंच उरलेलं. “हे बाबांना चांगलं माहीत होतं, ताई. तरी मला त्यांनी तिथे उभं केलं.” बाबांनी ताटातलं संपवलं, हात धुतला आणि बाहेर जाऊन इंजिनाचे सुटे भाग पुसत बसले. तू दुसऱ्या दिवशी गेलास तो गेलासच. आई गेली तेव्हा आलास, पण त्यांच्याकडे पाहिलं नाहीस.

तुझी बोटं गेली त्या सकाळी धुकं होतं. इंजिन बंद करून ते नेहमीसारखे लाँच तिच्याच ओघाने धक्क्याकडे येऊ देत होते. दोर धरायला तुला धक्क्यावर उभं केलं होतं; त्यांनी फेकलेला तो तुझ्यापर्यंत पोचला नाही, पाण्यात पडला. आणि तू भिंतीवरून वाकून हात पुढे केलास. ढकलता आली होती, म्हणजे थांबवताही येईल, असंच वाटलं असणार तुला. मी वर पायरीवर डबा घेऊन उभी होते. बाबांचं ओरडणं अजून कानात आहे: हात काढ. पण लाँच तोवर भिंतीला टेकली होती. नुसती टेकली, आवाजसुद्धा झाला नाही.

तुला सगळ्यात जास्त काय लागलं ते मला ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी ते लाँच घेऊन कामावर गेले. तू इस्पितळात होतास, म्हणून पुढचं तू पाहिलं नाहीस. संध्याकाळी शेवटची फेरी झाली की ते गॅरेजांतून जुने टायर रस्त्याने ढकलत आणायचे, एकेक करून. धक्क्याच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी टायर बांधले, लाँच आणि भिंत यांत जागा राहील असे. लोक विचारायचे, काय हो, टायरचं दुकान काढताय? ते म्हणायचे, हो तर, उधारी मात्र बंद. मीसुद्धा तेव्हा मनात म्हटलं, या माणसाला थट्टा सुचते तरी कशी? घरात तर त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. वरवर ते तरंगत राहिले, आणि आपण त्यांना हलकं समजलो. आपण दोघांनीही.

आता हे पत्र का लिहिते ते सांगते. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच ठेवून दिला असतास. गेले काही आठवडे दुपारी डोळा लागला की ते दचकून ओरडतात. दोनच शब्द स्पष्ट उरलेत त्यांच्याकडे: हात काढ. त्या बाईला वाटतं तिलाच रागावतायत. ती बिचारी हात मागे घेते. मला पहिल्याच दिवशी कळलं. मी जवळ बसून म्हटलं, काढला हो बाबा, काढला हात. त्यांनी डाव्या हाताने माझा उजवा हात ओढून घेतला आणि एकेक बोट चाचपलं. पाच भरली. मग त्यांनी माझा हात सोडून दिला, आणि पुन्हा तेच ओरडणं. आता रोज असंच चालतं. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. मी तुला माफ कर म्हणत नाही. बोलू नकोस, त्यांच्याकडे बघूही नकोस, हवं तर खिडकीबाहेर बघ. तू नाहीच म्हणणार आहेस, हे लिहितानाही मला दिसतंय. तरी एकदा दुपारी ये, खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बस, आणि तुझा तो हात, जेवढा निघाला तेवढा, त्यांच्या हातात दे.

तुझीच,
ताई