घोडे बपेऱ्याले, कुलूप घराले

२७ ऑक्टोबर, सोमवार

दोन घंटे थांबली असती तं पाय मोडले असते का तिचे? पवनीवरून इतक्या दूर आली, चार वर्षाच्या पोरीले कडेवर घेऊन आली, अन् दाराले कुलूप दिसलं तं शेजारच्या सुमनकडे चहा पिऊन तीनच्या यष्टीनं वापस. आम्ही संध्याकाळी येतच होतो. पोटची पोरगी हाय का पाहुणी?

काल आपल्या गावची मंडई होती. मंडईले लेकी-जवाई घरी येतात, हे मले शिकवाची गरज नाही. पण आमचं पोटच मंडईवर हाय. दिवाळी झाली का गावोगाव मंडईची जत्रा, एकाच दिवशी चार गावची. जिथं गर्दी तिथं आमचा लाकडी घोड्यायचा गोल झुला. काल बपेऱ्याले होता. एकवीस वर्षं झाली, आपल्या गावच्या मंडईले आम्ही घरी नसतो. शीतलले हे नवीन हाय का?

सुमनले म्हणाली म्हणे, "काकू, मंडईच्या दिवशी कोणी घराले कुलूप लावते का?"

लावते. तुझी माय लावते. त्याच्यावरच बारावी शिकली तू.

सहा वेळा फोन लावला. उचलत नाही.

२८, मंगळवार

जवायानं उचलला. "शीतल कामात हाय, आई." कायच्या कामात? मांगून ओवीचा आवाज आला, आजी काय, आजी काय. मंग फोन बंद.

ह्यायनं घोड्याच्या पायाले लोखंडी पट्टी ठोकली. मले हाक मारली, धर म्हणून. नाही गेली.

ही वही कोणत्या दिवशी कोणती मंडई ते लिहाले घेतली होती. चौथी शिकलेल्या बाईले तेवढंच लागते. आता दुसरंच लिहून राहिली. बोलू कोणाजवळ? ह्यायच्याजवळ बोललं तं बिडी काढतात.

३० ऑक्टो., गुरुवार

तुमसरच्या अलीकडची मंडई. गर्दी चांगली. धान कापाचं सोडून बाया आल्या होत्या. आमच्या बाजूले बालाघाटवाल्याची मोटरवर झुलणारी नाव लागली, मोठी, लाइटिंगवाली, कानाचे पडदे फाडणारे गाणे. आमचा झुला हातानं धकवाचा. मी एकीकडून, हे दुसरीकडून. बारा घोडे.

तो हासून म्हणते, "काकी, मोटर लगा लो. कब तक धक्का मारोगे?"

मी म्हटलं, "तुझ्या नावेत माय-लेकरू एकमेकाले दिसते का रे? दोघं बी डोळे मिटून बोंबलतात. उतरल्यावर वकतात."

"अरे काकी, मजा वही तो है."

जवान पोट्ट्यायले असन. घरदार आलं तं आमच्याकडेच येते. एक बुढी आली, नातवाले बसवलं, सून म्हणे तुम्ही बी बसा. बुढी म्हणे, "हाट, लोक हासतील." मंग पदर खोचून बसली. दुसऱ्या चकरीले सुनेले हात दाखवून राहिली. तिसरीले टाळ्या. बाहेरून सून अन् पोरगा हासून हासून वाकले. मोटरच्या नावेत हे होत नाही. तिथं सारेच आत, पाहाले बाहेर कोणी नाही.

बाप लोकायचं मात्र काही खरं नाही. लेकरू समोरून जाते अन् हे फोनमधी पाहतात.

शीतलचा फोन नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

वरठीजवळ होतो आज. बिलकुल डोक्शात गेलं माझ्या.

एक चिमणी पोरगी घोड्यावर बसवून तिची माय बांगड्यायच्या दुकानाकडे गेली. पोरगी पहिल्या चकरीले हासली, दुसरीले मान फिरवून पाहिलं तं माय नाही. तिसरीले भोंगा. मी झुला थांबवला. हातचा हाय म्हणून थांबते. गेली दुकानापाशी अन् सरळ बोलली, "बाई, तिथं उभी राय. घोड्यात काही नाही, लाकूड हाय ते. गोल फिरून आलं का माय दिसते, त्याची मजा हाय. तूच नाहीस तं ते कायले हासन?"

ती बिचारी आली. उभी राहिली. पोरगी हासली.

मी मोठी शहाणी होऊन वापस आली तं हे म्हणतात, हळूच, झुल्याच्या दांड्याले हात लावून, "शीतल बी अशीच पाहे."

"काय?"

"तुलेच पाहे ते. तू तिले उतरवत होती."

एवढंच. पुन्हा धकवाले लागले.

२, रविवार

ह्यायच्याशी बोलली नाही. जेवण वाढलं, ताट आपटलं. ते जेवून बाहेर जाऊन झोपले. बोलले असते तं भांडता तं आलं असतं.

४, मंगळवार

लिहूनच टाकतो.

रिकाम्या झुल्यावर लोक येत नाही. दोन-तीन घोडे भरलेले दिसले का मंग बाकीचे बसतात. म्हणून झुलेवाले आपलेच लेकरं बसवतात. सारेच करतात. शीतल पाच वर्षाची होती तवापासून मी तिले बसवे. चांगला फ्राक घालून, वेण्या घालून. म्हणे, "हास वं, शीतल." ते हासे. लोक जमत. झुला भरला, गिऱ्हाईक आलं का मी तिले बखोटीले धरून उतरवे. चालत्या झुल्यावरून बी उतरवलं हाय. एखाद वेळेस अर्ध्या हास्यातून. ते मंग दंडारीच्या नाटकाच्या मंडपाजवळ बोऱ्यावर बसून राहे. गर्दी कमी झाली का पुन्हा, "ये वं, बस."

कधी रडली नाही. मी म्हणे, समजदार हाय माझी पोरगी. चार लोकायले सांगे.

पूर्ण एक खेप बसू दिलं का मी तिले? आठवून राहिली कालपासून. एक तरी आठवाले पायजे का नाही? नाही आठवत.

५, बुधवार

अजून एक. हे बी लिहाचंच हाय, नाही तं पहिल्या दिवशी लिहिलं ते खोटं राहीन.

दिवाळीले तिचा फोन आला होता. म्हणे, "आई, या वर्षी मंडईले ओवीले आणतो. तिनं झुला कधी पाहिला नाही. घरी राहशीन ना?"

मी म्हटलं, "राहतो. गावातच लावतो झुला. पोट भरेपर्यंत बसव तिले."

माह्या तोंडानं म्हटलं. मंग बपेऱ्याचा निरोप आला, जागा रस्त्यावरची, चांगल्या कमाईची हाय म्हणून. हे म्हणाले, "पोरगी येऊन राहिली, राहू दे." मीच म्हटलं, "शीतल काय येते? दरसाल येतो म्हणते, येत नाही. अन् आली तं संध्याकाळची येईन." फोन करून सांगाचं बी सुचलं नाही. सुचलं नाही का केला नाही? केला नाही. करती तं ते म्हणती, ठीक हाय आई. तिचं ते ठीक हाय मले ऐकाचं नव्हतं.

सकाळी नऊले टेम्पो निघाला. ते अकराले आली.

७, शुक्रवार

सुमनचा फोन उचलते शीतल. माझा नाही. सुमनले म्हटलं, विचार तिले, किती दिवस फुगून राहशीन म्हणून.

सुमननं विचारलं. मी बाजूलेच बसली होती, आवाज मोठा केला होता फोनचा. तिले मालूम नव्हतं.

म्हणे, "काकू, मी फुगली नाही. कुलूप पाहून ओवी म्हणाली, आजीले मालूम नाही का आपण येणार ते? मी म्हटलं, मालूम हाय. मंग म्हणे, मंग? मी तिले उचलून तुमच्याकडे आणलं. मी आयुष्यभर समजून घेतलं, माझं ठीक हाय. पण ओवीले मी समजून घ्यायले नाही शिकवणार. आईले सांगा, माझ्या पोरीले कोणी अर्ध्यातून उतरवणार नाही."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी उठून घरी आली. वांगे चिरले. कशाले चिरले, कोणी जेवलं नाही.

९, रविवार

पुढच्या रविवारी मोहाडीकडे मोठी मंडई. मंडळाचा माणूस मोटरसायकलवर आला जागा पक्की कराले. नाक्यावरचीच जागा, दरसाल लोक भांडतात तिच्यासाठी.

मी म्हटलं, "आम्ही येत नाही."

तो म्हणे, "काकू, मजाक करून राहिल्या का? तुमच्या घोड्याबिगर लेकरं बोंबलतील."

"बालाघाटवाल्याले दे जागा. बोंबलाले नाव हाय त्याच्याकडे."

तो गेल्यावर ह्यायनं विचारलं, "शीतलले विचारलं का?"

"नाही."

"अन् ते नाही आली तं?"

"तरी झुला आपल्याच गावात लावाचा. शाळेच्या पटांगणात."

ह्यायनं बिडी काढली. पेटवली नाही. हातातच धरून बसले.

१०, सोमवार

सुमनच्या फोनवरून आवाज भरून पाठवला शीतलले. काय बोलली ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलेच पलटता येणार नाही.

"शीतल, मी बोलतो. सुमनजवळ बोलली ते मी ऐकलं, लपून ऐकलं. माफी मांगाची मले सवय नाही, कशी मांगतात ते मालूम नाही. राहतो म्हटलं अन् राहिली नाही, हे खरं हाय. लहानपणचं बी खरं हाय. येत्या रविवारी गावात झुला लावतो. मंडई नाही, गर्दी नाही, एक बी गिऱ्हाईक घेणार नाही. तुझे बाबा धकवतील. मी बाहेर उभी राहीन, एका जागी. ओवी बस म्हणन तवाच थांबन झुला. तुले बसाचं असन तं तू बी बस. सव्वीस वर्षाची झाली तं काय झालं? तिथं बुढ्या बसतात. पण येते का नाही ते सांग. नाही तं नाही म्हण, मी ऐकून घेईन. गप्प नको बसू वं. शुक्रवारी घोडे चढवाले लागतात, म्हणून..."

इथं सुमनचं बोट सुटलं अन् आवाज तुटला. तसाच गेला. मी म्हटलं, पुन्हा धर. तिनं धरलं.

"गुरुवारी दिवेलागणीपर्यंत उत्तर पायजे मले. तुझ्या तोंडून पायजे, जवायाच्या नाही. गुरुवार. ऐकलं का?"